गंगाराम बंडब्याचं परराष्ट्र खातं

गंगाराम बंडबे पोटासाठी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या खोक्यांना पिना मारायचा आणि गावासाठी देवाशी बोलायचा. पहिल्या कामाचा पगार मिळायचा. दुसऱ्याचं नारळाचं एक भकल मिळायचं, तेही बायको चिमा लगेच खवून आमटीत घालायची, त्यामुळे त्या कामाची घरात फारशी चर्चा होत नसे.

जयगडच्या अलीकडे खाडीला लागून गंगारामचं गाव. गावाचा देव भैरी. वर्षातून दोनदा, शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली की आणि पेरणीच्या आधी देवळात, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे काय, तर गावातर्फे एकाने उभं राहायचं, गावाला काय हवं नको ते देवाला मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा. होकार भरला की ते मागणं गावाचं झालं. नुसतं गाऱ्हाणं घालणाऱ्याचं तोंड चालून उपयोग नाही.

हे तोंड बंडब्यांच्या घराण्यात होतं. गंगारामच्या वडिलांनी ते जन्मभर चालवलं आणि त्यांना ते सोपं गेलं. पाऊस वेळेवर दे, गुरांना वाघराची दृष्ट लागू देऊ नकोस, मुंबईत गिरणीत गेलेल्यांना सांभाळ. मुंबईच्या पलीकडे देवाला काही काम नव्हतं. पुढे गिरण्या बंद पडल्या, मुंबईची पोरं परत आली आणि त्यांची पोरं विमानात बसून जायला लागली. याच सुमाराला म्हाताऱ्याने डोळे मिटले, म्हणजे चांगल्या वेळी सुटला. अठ्ठ्याण्णव साली गाऱ्हाणं गंगारामच्या गळ्यात आलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात देशाने पोखरणला अणुबाँब फोडले.

बाँब फुटला तेव्हा गंगाराम पिना मारत होता. त्याला वाटलं, झालं ते झालं, आपला काय संबंध? पण पेरणीचं गाऱ्हाणं तोंडावर आलेलं. संध्याकाळी भास्करमास्तर सोहोनी घरी आले. मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, कलमांची बाग राखून, आणि गावात रोजचं वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचणारे एकटेच.

“गंगाराम, अमेरिकेने निर्बंध घातलेत. जपानने पैसा थांबवलाय. हे गाऱ्हाण्यात आलं पाहिजे.”

“त्यात देवाला काय सांगायचा, मास्तर?”

“वेदला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. पुढच्या महिन्यात व्हिसाची मुलाखत आहे. अमेरिका रागावलेली परवडायची नाही आपल्याला.” वेद हा मास्तरांचा एकुलता एक मुलगा. ‘आपल्याला’ म्हणजे गावाला की सोहोन्यांना, हे गंगारामने विचारलं नाही.

मास्तर गेले आणि धाकू गोताड आला. धाकूचं म्हणणं, बाँब फुटला त्याबद्दल देवाला जादा नारळ द्यावा आणि गाऱ्हाण्यात तसं ठणकावून सांगावं. कुणाला ठणकावून, असं चिमाने आतून विचारलं. धाकू म्हणाला, “सगळ्यांनाच.” दुसऱ्या दिवशी गाडीत अलीभाई भेटला. अलीचं बंदरावर किराण्याचं दुकान, आणि शिमग्यात पालखीचा पहिला थांबा पिढ्यान्पिढ्या त्याच्या दारात. तो म्हणाला, “गंगारामभाव, माजा अद्नान कुवेतला चाललाय. विमानतळावर आमचा पासपोर्ट आधीच चार वेळा उलटापालटा करतात. त्यात तुमी आणखी काय बोलू नका म्हंजे झाला.”

गंगारामने आठवडाभर पिना मारता मारता विचार केला. मग देवळात उभा राहून म्हणाला, “बा देवा म्हाराजा, आमच्या देशाने जमिनीखाली जा काय केला असंल, ता तू बघितलंसच. त्याची झळ आमच्या लेकराबाळांस लागू देऊ नको. जा लेकरू ज्या दिशेस जाईल, त्या दिशेस त्याची वाट मोकळी कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

वेदला व्हिसा मिळाला. अद्नान सुखरूप कुवेतला पोचला. देवाने जमिनीखालचं बघितलंच होतं म्हटल्यावर धाकूलाही जादा नारळ पोचल्यासारखं वाटलं. तीन घरांच्या तीन तऱ्हा एका गाऱ्हाण्यात बसल्या, जे दिल्लीलाही दर वेळी साधत नाही. मास्तर तर म्हणाले की हे निवेदन सरळ संयुक्त राष्ट्रांत वाचून दाखवावं. गंगारामला यातलं फार कळलं नाही, पण लोक आता आपल्याकडे बघून थांबतात एवढं कळलं. ते त्याला आवडलं, यात लपवण्यासारखं काही नाही.

मात्र त्यानंतर पसारा वाढला. दर शिमग्याआधी गंगाराम घरोघर फिरून “औंदा काय?” असं विचारायचा. पूर्वी लोक सांगायचे, म्हशीला दूध नाही. आता सांगायचे, साहेबाने पासपोर्ट ठेवून घेतलाय. मग त्याने स्वतःपुरते काही नियम केले. कुठल्या देशाचं नाव घ्यायचं नाही, कारण देव मागच्या वर्षीचं विसरत नाही आणि देश विसरतात. कारगिलच्या साली धाकू हट्टाला पेटला की पाकिस्तानचं वाटोळं मागा. गंगारामने सांगितलं, सरहद्दीवरच्या आपल्या पोरांचं मागेन, वाटोळं मागणार नाही, देवापुढचा नारळ सगळ्यांत वाटायचा असतो. धाकू महिनाभर बोलला नाही. पुढे अमेरिकेतले ते दोन मनोरे पडले आणि काही दिवसांत अमेरिका नि पाकिस्तान एका ताटात जेवायला बसले, आपल्यावरचे निर्बंधही उठले, तेव्हा मास्तर वर्तमानपत्र घडी करून म्हणाले, “कोण कुणाचा हेच कळेनासं झालंय रे.” आपल्या नियमामुळे गंगारामला मात्र मागच्या गाऱ्हाण्यातला एक शब्दही मागे घ्यावा लागला नाही.

एक अडचण राहिली होती, ती हद्दीची. भैरीची शीव गावच्या ओढ्यापर्यंत. ओढ्यापलीकडे शेजारच्या गावची देवी. मग कुवेतमध्ये कुणाची सत्ता? धाकूचं मत, माणूस आपला तर देव आपला. हा वाद अलीच्या दुकानात झाला. अलीने साखर मोजता मोजता निकाल दिला. “तकडं वरती कोण आहे ता मना ठाऊक हाय. मी माजा त्याच्या कानावर घालतो. तुमी तुमच्याला सांगा. दोघांचा ठरंल काय ठरायचा ता.” गंगारामला हा करार मान्य झाला. शिमग्यात गाऱ्हाणं चाललेलं असताना अली आणि त्याची बायको खतिजा सहाणेशेजारच्या फणसाखाली येऊन उभी राहत. अली तोंडाने काही म्हणत नसे. योग्य जागी मान हलवायचा.

दोन हजार दोनच्या दिवाळीत गंगारामचा रामा कुवेतला गेला. आयटीआय करून दोन वर्षं घरात बसला होता. अद्नान तिकडे पाण्याचा टँकर चालवायचा, त्याने एका जेवण पुरवणाऱ्या कंपनीत शब्द टाकला. धाकूचे दोघे मुलगे त्याच कंपनीत आधीच होते. रामा कांदे चिरायला लागला. हजारो माणसांचे कांदे. दर शुक्रवारी अलीच्या दुकानातल्या फोनवर त्याचा फोन यायचा. फोनवर चिमा फक्त जेवलास काय एवढंच विचारायची, आणि जो मुलगा दिवसभर जेवणातच उभा असतो तो दर वेळी हो म्हणायचा.

हळूहळू तो सांगायला लागला की कांदे वाढलेत. वाळवंटात तंबूच तंबू उठलेत, अमेरिकन सैनिक येतायत, आणखी येतायत. मास्तरांनी ते ऐकलं आणि नकाशाचं पुस्तक काढलं. कुवेत म्हणजे इराकच्या अगदी उंबऱ्यात.

दोन हजार तीनच्या शिमग्यात गंगाराम घरोघर फिरला तेव्हा त्याला चहा पुष्कळ मिळाला आणि झोप उडाली. मास्तरांकडे वेदचा फोन येऊन गेला होता. नोकऱ्या जातायत, परदेशी माणसाला आधी काढतात, त्यामुळे अमेरिकेचं बरं चाललं पाहिजे. धाकू म्हणाला, लढाई होऊ दे की, सैन्य जेवणारच, आमच्या पोरांचा पगार वाढंल. अलीच्या घरात अलीने चहा पुढे केला. खतिजाने पदर पुढे ओढून सांगितलं, “भावोजी, लडाय नको. कुनाचीच नको. तकडच्या आयांची पोरा पन पोराच हायत.”

तिन्ही घरांचं गंगारामने ऐकून घेतलं, होकार दिला आणि घरी आला. घरी चौथं खातं बसलेलं होतं.

“रामाला हाडा, परत आणा,” चिमा म्हणाली. “देवाला सांगा, माज्या रामाला घरी हाड.”

“तसा मागता येत नाय. तुला ठाऊक हाय.”

ठाऊक होतंच. गाऱ्हाणं घालणाऱ्याने त्यात आपल्या घराचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. ज्याच्या तोंडी गाव आहे, त्याने तोंडाचा फायदा घेऊ नये म्हणून कुणीतरी शहाण्याने घालून ठेवलेली. गंगारामची आई तापाने फणफणली होती त्या साली वडिलांनी सहाणेवर उभं राहून सगळ्या गावच्या गुरांचं मागितलं होतं आणि घरी येऊन पडवीत रडले होते.

“जगाचा मागताव, आणि पोटच्या पोराचा नाय?” चिमा म्हणाली आणि तिने ताट वाढलं. चार भाकऱ्या थापायच्या तिथे दोनच थापल्या होत्या. गंगारामने त्या खाल्ल्या.

धुळवडीच्या दिवशी सकाळी आकाशवाणीवर सांगितलं की अमेरिकेने इराकला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आहे. दुपारी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. गंगारामने डोक्याला फडकं बांधलं, हात जोडले आणि सुरुवात केली. पावसापासून ते म्हशींपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग दर्यापलीकडचा विषय आला. लढाई हवी म्हणायची नव्हती, नको म्हणायची नव्हती. अमेरिकेचं बरं चिंतायचं नव्हतं, वाईटही नव्हतं. आठवडाभर खोक्यांवर बसवलेलं वाक्य त्याला तोंडपाठ होतं, ‘जो जिथे आहे तिथे त्याला सुखी ठेव’. ते बाहेर काढायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

“बा देवा म्हाराजा, दर्यापलीकडं त्या वाळूत आमच्या गावची जी जी पोरां गेली हायत, ती सगळी, एक न एक, हात धरून आपापल्या दारात आणून पोचव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं. गावाला सवय होती. फणसाखाली अलीने मान हलवली.

ढोल पुन्हा सुरू झाले, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. खोबरं अर्धं खाऊन झाल्यावर धाकूच्या लक्षात आलं.

“गंग्या! तू काय मागलंस रे?”

“काय मागला?”

“पोरांना घरी हाड म्हणालास! घरी? नोकऱ्या सोडून?”

मग ते सगळ्यांच्याच लक्षात आलं. जेवढ्या घरांतली पोरं आखातात होती, तेवढी घरं सहाणेभोवती जमली. नव्वद साली कुवेतवर इराक चालून आला तेव्हा गावची पोरं अशीच घरी पोचली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि पुढचं वर्षभर पारावर बसून होती. तेव्हा ते कुणी मागितलं नव्हतं. आता सगळ्या गावाने होकार भरून मागितलं. देवाने ऐकलं तर? आणि भैरी ऐकतो, हे तर गावाने गावाबाहेर सांगून ठेवलेलं.

“तुमी होकार का भरलाव?” गंगारामने विचारलं.

“होकार काय, तो भरायचाच असतो!” धाकू ओरडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “स्वतःच्या पोरासाठी मागलंस तू. नाव सगळ्यांचा घेतलंस, मागलंस रामाचा.”

ते खरं होतं. मागताना त्याच्या डोळ्यांपुढे धाकूचे मुलगे नव्हते, अद्नानही नव्हता. गर्दीत लपवून त्याने एकट्या रामाला आणायला सांगितलं होतं. त्याला लाज वाटली. तरीही रात्री झोप मात्र बरी लागली.

गाव बसलं आणि ठराव झाला. देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं पुसता येत नाही, त्यावर दुसरं घालता येतं. पालखी घरोघर फिरून देवळात परतेल त्या दिवशी गंगारामने उभं राहायचं आणि देवाला सांगायचं, की मागचं मागणं चुकून गेलं, पोरं आहेत तिथेच राहू देत. जमणार नसेल तर गाऱ्हाण्याचं तोंड दुसऱ्या घराण्याकडे जाईल. मास्तरांनी सांगून बघितलं की अशा वेळी देश मौन पाळतात, आपलं सरकारही सध्या तेच करतंय. धाकू म्हणाला, सरकारला भैरी नाही.

दोन दिवसांत लढाई जुंपली. पालखी दारोदार नाचत होती आणि रेडिओ सांगत होता की कुवेतवर क्षेपणास्त्रं येतायत. शुक्रवारी दुपारी चिमा अलीच्या दुकानात जाऊन बसली. खतिजा तिच्या शेजारी बसली. धाकूची बायकोही आली आणि पोत्यावर टेकली. फोन वाजला नाही. संध्याकाळी अलीने फोन उचलून कानाला लावला, तो चालू आहे का बघितलं आणि परत ठेवला. पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. चिमाने घरी येऊन गंगारामला सांगितलं, “उद्या तुमी काय मागाल ता मागा. मी तकडं येणार नाय.”

गंगारामने कारखान्यातून रजा टाकली नव्हती. सकाळची पाळी करून आला, अंघोळ केली, फडकं बांधलं आणि देवळाकडे गेला. तोंड दुसऱ्या घराण्याकडे गेलं तर बापाला काय वाटेल, हे त्याच्या मनात होतं. मागितलं आणि खरंच रामा तिथेच राहिला तर, हेही होतं. दोन्ही भीती एकाच पोटात होत्या आणि त्यातली कुठली मोठी हे ठरवत तो पायऱ्या चढला.

गाव झाडून आलेलं. पालखी देवळापुढच्या अंगणात ठेवलेली. येणार नाही म्हणालेली चिमा बायकांत सर्वांत मागे उभी होती.

“बा देवा म्हाराजा,” गंगारामने सुरुवात केली. आवाज बरा होता. “मागल्या खेपेस आमी जा मागला, ता लेकरांच्या मायेपायी चुकून मागला. आज पंचांचा नि गावाचा विचार असा हाय, का आमची पोरां हायत तकडंच, आपल्या कामावर ऱ्हावू दे म्हाराजा.”

आणि तो थांबला.

होकार आला नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. लोकांना वाटलं शेजारचा म्हणेल. शेजारच्याला वाटलं पुढचा म्हणेल. ढोलवाल्याने टिपरी खाली घातली. धाकूने तोंड उघडलं, बायकांकडे बघितलं, त्याची बायको त्याच्याकडेच बघत होती. त्याने तोंड मिटलं.

होकार नाही आला तर मागणं पुन्हा घालायचं असतं. गंगारामने पुन्हा हात जोडले. “बा देवा म्हाराजा,” तो म्हणाला आणि पुढचे शब्द येईनात. त्याने फडकं सोडून तोंड पुसलं. “देवा म्हाराजा, माजा रामा तकडं हाय. त्याचा फोन नाय आला. मना भय वाटतंय.”

यात मागणं कुठलंच नव्हतं, असं मास्तर पुढे कितीतरी दिवस सांगत होते. नावही घरचं घेतलेलं, म्हणजे रीतही मोडली. तरी सगळ्या अंगणातून आवाज आला, “व्हय म्हाराजा!” मागून चिमाचा आला, आणि देवळाच्या दगडी गडग्याशी उभ्या असलेल्या अलीचाही.

त्यानंतर पुढे येऊन पालखीसमोर हात जोडले ते धाकू गोताडाने. मोठ्या मुलाचं नाव घेताना त्याचा आवाज फाटला, धाकट्याचं नाव त्याच्या बायकोने मागून पुरं केलं. मग खतिजाने अद्नानचं घेतलं. एकेक घर पुढे येत राहिलं, आणि त्या दिवशी पालखी देवळात जायला पार संध्याकाळ झाली.